हात चांगलाय, पण गिऱ्हाईक कोण?

चित्र काढणाऱ्या, रांगोळी घालणाऱ्या किंवा अक्षर वळणदार असलेल्या माणसाला सोलापुरात दोन वाक्यं हमखास ऐकावी लागतात. पहिलं, "हात चांगलाय हं तुझा." दुसरं, काम सांगून झाल्यावर, "एवढ्याचे पैसे घेणार व्हय?" दोन्ही वाक्यं बोलणारा माणूस एकच असतो आणि दोन्ही वेळा तो मनापासून बोलत असतो. कौतुक खोटं नसतं. पैसे द्यायची वेळ आली की त्याच्या डोक्यात निराळा हिशेब चालू होतो, एवढंच. तो हिशेब कसा चालतो हे ज्याला कळलं, त्याला बाजार बऱ्यापैकी कळला.

मार्केटिंग म्हटलं की कलाकार मंडळींच्या कपाळावर आठ्या पडतात. आता दारोदार फिरायचं, गोडगोड बोलायचं, इन्स्टाग्रामवर रोज काहीतरी टाकत बसायचं, असं त्यांना वाटतं. ते सगळं नंतरचं. त्याआधी तीन गोष्टी शोधाव्या लागतात: आपल्या कामाचा उपयोग नक्की कुणाला होतो, त्याचे पैसे कुणाच्या खिशातून निघतात आणि वर्षातल्या कुठल्या महिन्यात निघतात. हे न शोधता "किती घेऊ?" असं विचारत बसलं की उत्तर कधीच सापडत नाही.

वापरणारा एक, निवडणारा दुसरा

शाळेचा गणवेशच घ्या. सोलापूर म्हटलं की लोकांना चादर आठवते, पण गणवेश शिवणाऱ्या कारखान्यांनीही गावात चांगलाच जम बसवलाय आणि इथला माल बऱ्याच राज्यांत जातो. गणवेश घालतं पोरगं. पैसे देतात आईबाप. कुठला रंग, कुठल्या चौकटी हे ठरवते संस्था. विकतो दुकानदार, आणि त्याला माल पुरवतो कारखानदार. एका शर्टामागे एवढी माणसं उभी आहेत.

आता समजा, एखाद्या मुलीला कपड्यांचं डिझाईन छान जमतं. खिशावरचं बोधचिन्ह, कॉलरची पट्टी, फ्रॉकचा नवा कट असं काहीबाही ती सुचवू शकते. तिने जायचं कुणाकडे? पालकांकडे जाऊन उपयोग नाही, कारण त्यांच्या हातात निवड नाही. मुख्याध्यापकांना डिझाईन आवडेल, पण त्यासाठी वेगळा खर्च मांडायला त्यांच्याकडे जागा नसते. या साखळीत डिझाईनची खरी निकड आहे ती कारखानदाराला, कारण दरवर्षी व्यापाऱ्यापुढे काहीतरी नवं ठेवल्याशिवाय त्याची ऑर्डर वाढत नाही. आणि त्यालाही नुसतं सुंदर डिझाईन नको असतं. कटिंग टेबलावर कापड किती वाया जातं, आहे त्या मशिनवर ते बसतं का, कारागिराला एका पीसमागे किती वेळ जास्त लागतो, हे तो बघतो. एका पीसमागे चार बोटं कापड वाचवणारं डिझाईन त्याला कितीतरी सुंदर दिसतं.

त्यात वेळेचा भाग आहे. महाराष्ट्रातल्या शाळा जूनच्या मध्यावर उघडतात. दुकानांत माल एप्रिल-मेमध्ये लागायला हवा, म्हणजे शिलाई त्याच्याही आधी आणि नमुने आणखी आधी. मे महिन्यात फाईल घेऊन कारखान्यात गेलात तर मालक चहा पाजतील, पानं उलटून बघतील, "चांगलंय की" म्हणतील. ऑर्डर मिळणार नाही, कारण त्या वर्षीचे निर्णय कधीच होऊन गेलेले असतात. बरेच जण इथे खचतात आणि आपल्या कामालाच किंमत नाही असं समजून घरी बसतात.

गावातल्या बाकीच्या कामांनाही असंच पंचांग आहे. जानेवारीत सिद्धेश्वराची यात्रा आणि तिच्यानिमित्त भरणारी गड्ड्याची जत्रा, फेब्रुवारीत शिवजयंती, १४ एप्रिलची आंबेडकर जयंती, नारळी पौर्णिमेला मार्कंडेय महामुनींचा रथ, मग गणपती आणि लागूनच नवरात्र. प्रत्येक वेळी फलक, देखावे, पत्रिका, टीशर्ट, सन्मानचिन्हं, लेझीम पथकांचे पोशाख लागतात. म्हणून इथल्या कलाकाराची कमाई दरमहा सारखी येत नाही, ढिगाने येते. दोन ढिगांच्या मधले महिने कोरडे असतात. ते महिने कसे काढायचे, हा प्रश्न दर ठरवतानाच मनात ठेवायला हवा.

लूमवर चढणारा मोर

आता एक गोष्ट जरा जवळून बघू. कल्पना करा, चित्रकलेचं शिक्षण घेतलेल्या एका मुलीने चादरीसाठी मोर काढलाय. जलरंगात, पिसाऱ्यात निळ्याच्या सात छटा, मानेवर हिरव्यातून हळूच जांभळ्यात जाणारा रंग. कागदावरून नजर हटत नाही. ती तो घेऊन अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका कारखान्यात जाते. मालक कागद लांब धरून बघतात, मग जवळ आणतात.

"रंग किती हायत ह्यात?"

तिने मोजलेले नसतात.

"रिपीट केवढ्याचा धरलाय?"

तेही ठरवलेलं नसतं.

"चांगलंय ओ ताई, पण लूमवर बसायचं न्हाई हे."

बाहेर पडताना तिला वाटतं, या माणसाला कलेतलं काही कळत नाही. पण त्याचे दोन्ही प्रश्न लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या पोटातून आलेले होते. विणकामात उभे धागे म्हणजे ताणा आणि आडवे धागे म्हणजे बाणा. बाण्याचा एक धागा आडवा जाताना ताण्यातले कुठले धागे वर उचलायचे आणि कुठले खाली ठेवायचे, यावरून कापडात आकृती उमटते. हे उचलण्याचं काम जकार्ड करतं. फ्रान्समधल्या ल्यों शहरातल्या जोसेफ मारी जकार्डने १८०४च्या सुमारास हे यंत्र बांधलं, म्हणून त्याला त्याचं नाव. पुठ्ठ्याच्या कार्डांवर भोकं पाडलेली असतात. भोक असलं की तिथला हुक धागा उचलतो, नसलं की धागा खालीच राहतो. आता पुष्कळ ठिकाणी कार्डांऐवजी कॉम्प्युटरची फाईल जाते, पण हुकांचं गणित तेच आहे.

यंत्रात जितके हुक, तितकेच धागे स्वतंत्रपणे हलवता येतात. त्यापुढे तीच आकृती परत सुरू होते, त्याला रिपीट म्हणतात. आपला मोर त्या रिपीटात मावायला हवा आणि एका मोराचा पिसारा शेजारच्या मोराच्या पायाशी नीट जुळायला हवा. रंगांचंही तसंच. ब्रशने एक रंग दुसऱ्यात विरघळवता येतो, पण धागा लाल असतो नाहीतर निळा. मधली छटा हवी असेल तर दोन धागे ठिपक्यांसारखे मिसळून नजरेला फसवावं लागतं. प्रत्येक जादा रंगामागे जादा सूत, जादा तयारी आणि कमी वेग, म्हणजेच जादा खर्च येतो.

आणखी एक गंमत आहे, ती शाळेत कुणी शिकवत नाही. चौकोनी घरांच्या आलेख कागदावर गोल काढला आणि कापडात ताण्याचे धागे इंचाला ४० तर बाण्याचे ३० असले, तर विणून येताना तो गोल गोल राहत नाही. चाळीस घरं रुंदीला एका इंचात बसतात, पण उंचीला त्याच चाळीस घरांना सव्वा इंचाहून जास्त जागा लागते. मोराचा डोळा अंड्यासारखा उभट होतो. म्हणून डिझाईनच्या कागदावरची घरं त्या कापडाच्या धाग्यांच्या हिशेबात आखावी लागतात.

हीच मुलगी महिनाभराने तीन रंगांतला मोर, रिपीट मोजून, काठ आणि मधला भाग कुठे जुळतो ते दाखवून, योग्य घरांच्या कागदावर उतरवून घेऊन गेली, तर बोलणं बदलतं. आधीचा मोर घेतला असता तर मालकांना तो डिझाईन मास्टरकडे देऊन लूमसाठी नव्याने बांधून घ्यावा लागला असता. तो खर्च आणि ते दिवस आता वाचले. कागदावरचा मोर आणि लूमवर चढणारा मोर यांच्यात जे अंतर असतं, त्याचे पैसे बाजार देतो. फोनवर फुकटात चित्रं तयार करून देणारी एआय ॲपं आल्यापासून तर हे जास्तच खरं झालंय. नुसत्या देखण्या चित्राचा भाव उतरलाय. नेमक्या मापाचं, नेमक्या यंत्रावर चालणारं आणि चुकलं तर मी सुधारून देतो म्हणणारं काम अजून माणसाकडूनच घ्यावं लागतं.

फ्लेक्स छापणाऱ्याचं, पत्रिकावाल्याचं, साडीवर हाताने रंगवून मागणाऱ्या दुकानदाराचं असंच असतं. प्रत्येकाच्या कामात एक अडणारी जागा असते. ती कुठे आहे ते त्याच्या टेबलापाशी तासभर उभं राहिल्यावर दिसतं.

विचारायचं कसं

"मी असं काम करतो, तुम्ही घ्याल का?" हा प्रश्न विचारूच नये. समोरचा "बघू की" म्हणतो, आणि आपल्याकडे "बघू की" हा सभ्य नकार आहे. तो ऐकून कुणी दहा हजारांचा माल करून ठेवला तर दोष कुणाला द्यायचा?

झालेल्या गोष्टींविषयी विचारावं. गेल्या हंगामात डिझाईन कुणाकडून घेतलं? कितीला पडलं? काय अडलं? आणि माझ्या मते सगळ्यात कामाचा प्रश्न: कुठला माल पडून राहिला? पडून राहिलेल्या मालाबद्दल दुकानदार खूप बोलतो, कारण त्याचा पैसा त्यात अडकलेला असतो. रंग गडद होता, आकार मोठा पडला, पॅकिंग साधं होतं म्हणून आहेरात द्यायला लोकांनी घेतलं नाही, असं काय काय बाहेर येतं. त्यातल्या एखाद्या अडचणीवर आपल्या हातात उत्तर असतं.

गड्ड्याच्या दिवसांत होम मैदानावर एखाद्या दुकानाशेजारी उभं राहून नुसतं बघत राहा. लोक वस्तू उचलतात, उलटी करून बघतात, भाव विचारतात आणि खाली ठेवतात. ठेवणाऱ्याचा चेहरा बघायचा. भाव ऐकून ठेवली, की "घरात कुठे ठेवायची" म्हणून ठेवली? पहिलं असेल तर लहान आकार करून बघता येतो. दुसरं असेल तर भाव निम्मा केला तरी ती वस्तू खपणार नाही.

जवळच मोठा बाजार आहे तो यात्रेकरूंचा. पंढरपूर, अक्कलकोट, तुळजापूर ही तिन्ही ठिकाणं सोलापूरहून एका दिवसात जाऊन येण्याजोगी. पण तिथलं गिऱ्हाईक एकसारखं नाही. आषाढीला शेकडो मैल चालत आलेला वारकरी पिशवीत जड वस्तू टाकणार नाही, त्याला तुळशीमाळ, बुक्का, छोटी तसबीर पुरते. अक्कलकोटला गुरुवारी गाडीने सहकुटुंब येणारा माणूस घरी लावायला किंवा शेजाऱ्याला द्यायला काहीतरी नीट पॅक केलेलं शोधतो. देवाचं चित्र या दोघांना दोन मापांत, दोन भावांत विकावं लागतं. तुळजापूरच्या नवरात्रातल्या गर्दीला तर थांबून निवडायलाच वेळ नसतो. तिथे लांबून ओळखू येईल असंच काम चालतं.

आपण नक्की विकलं काय?

आपल्याकडचे भलेभले हात इथे मार खातात. चित्र दिलं, पैसे घेतले, विषय संपला असं वाटतं. पण चित्राचा कागद ही एक गोष्ट आणि ते छापण्याचा, विणण्याचा हक्क ही दुसरी.

१९५७च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे चित्र काढताक्षणी त्याचा हक्क चित्रकाराकडे येतो, नोंदणी केली नाही तरी. तो त्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. पण यात फाटे आहेत. नोकरीत असताना नोकरीचं काम म्हणून काढलेल्या चित्राचा हक्क सर्वसाधारणपणे मालकाचा असतो. पैसे घेऊन कुणाच्या सांगण्यावरून काढलेलं चित्र, व्यक्तिचित्र किंवा फोटो असेल, तर वेगळा करार नसताना हक्क काम सांगणाऱ्याकडे जातो. म्हणजे शेठजींच्या वडिलांचं तैलचित्र तुम्ही रंगवलं तर त्याची कॅलेंडरं तुम्हाला परस्पर छापता येत नाहीत, आधी तसं लिहून घेतलं असेल तरच येतात.

हक्क दुसऱ्याला द्यायचा तर तो लेखी आणि सहीनिशी द्यावा लागतो, तोंडी चालत नाही. त्या कागदावर मुदत लिहिली नसेल तर कायदा ती पाच वर्षांची धरतो, आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. कलाकाराच्या बाजूने केलेली ही तरतूद चांगली आहे. मात्र समोरून आलेल्या छापील करारात "कायमस्वरूपी, संपूर्ण जगासाठी" असे शब्द असले की ती निकामी होते. सही करण्याआधी तेवढी ओळ शोधावी.

चादर, टॉवेल, साडी, गणवेश अशा कारखान्यात निघणाऱ्या मालासाठी काढलेल्या डिझाईनला वेगळा नियम आहे आणि सोलापूरसाठी तोच महत्त्वाचा. २०००च्या डिझाईन कायद्याखाली नोंदवता येण्यासारखं डिझाईन नोंदवलं नाही, आणि ते वापरून यंत्रावर ५० पेक्षा जास्त नग निघाले, तर त्यावरचा कॉपीराइट संपतो. पन्नास चादरी म्हणजे लूमला फार वेळ लागत नाही! त्यानंतर शेजारच्या गल्लीत तोच मोर दिसला तरी हात चोळत बसायचं. मूळ चित्र स्वतंत्र कलाकृती होतं की मालासाठीच केलेलं डिझाईन होतं, यावर कोर्टात वाद रंगतात, पण त्या वादाच्या भरवशावर धंदा करता येत नाही. नोंदणी केली तर दहा वर्षं संरक्षण मिळतं आणि आणखी पाच वर्षं वाढवता येतं. एकट्या व्यक्तीला अर्जाचं सरकारी शुल्क १,००० रुपये आहे. अट मोठी आहे ती एकच: डिझाईन नवं हवं, म्हणजे अर्जाआधी ते बाजारात किंवा लोकांपुढे आलेलं नको. आधी इन्स्टाग्रामवर टाकायचं आणि लाईक बघून मग नोंदवायचं, हा क्रम उलटा आहे.

जीआयचं, म्हणजे भौगोलिक मानांकनाचं नाव इथे बरेचदा घेतलं जातं, म्हणून तेवढं सांगून टाकतो. सोलापुरी चादर आणि सोलापूरचा टेरी टॉवेल या दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे. त्याने जपलं जातं ते नाव: दुसरीकडे विणलेल्या चादरीला "सोलापुरी" म्हणून विकता येऊ नये, एवढ्यासाठी. बाहेरचा स्वस्त माल याच नावाने विकला जातो ही विणकरांची जुनी तक्रार आहेच. पण तुमच्या एकट्याच्या मोराला जीआय कसलंही कवच देत नाही.

दराचं गणित

दर दोन बाजूंनी मोजावा. आधी आपल्या बाजूने. उदाहरणापुरते आकडे घेतो. घरखर्च महिन्याला २४,००० म्हणजे वर्षाला २,८८,०००. कॉम्प्युटरची झीज, सॉफ्टवेअर, फोन, पेट्रोल, रंगसाहित्य वर्षाला ४२,०००. एकूण ३,३०,०००. आता दिवस. रविवार, सणवार, आजारपण वगळलं तर हातात २८० दिवस राहतात. त्यातले जवळपास निम्मे गिऱ्हाइकाला भेटण्यात, दुरुस्त्यांत, पैसे मागण्यात आणि नवं शिकण्यात जातात. ज्यांचे पैसे मिळतात असे दिवस १५० धरा. भागाकार केला की दिवसाचे २,२०० रुपये येतात. हा नफा नाही, तग धरण्याचा भाव आहे. तीन दिवस घालवून दुकानाचा लोगो १,५०० रुपयांत दिला तर त्या दुकानदाराला तुमच्या घरच्यांनी पाच हजारांची मदत केली, असा त्याचा अर्थ.

मग त्याच्या बाजूने. चादरीचं एक डिझाईन चाललं तर तो समजा २,००० चादरी विणेल. एका चादरीमागे पाच रुपये डिझाईनवर घालणं त्याला जड नाही असं त्याच्याच बोलण्यातून कळलं, तर त्याची वरची हद्द १०,००० रुपये. तुमचे तीन दिवस म्हणजे ६,६००. घासाघीस व्हायची ती या दोन आकड्यांच्या मध्ये. त्याची वरची हद्द तुमच्या खालच्या हद्दीच्याही खाली असेल तर भांडण्यात अर्थ नाही. पंचवीस पत्रिका छापणारा माणूस हाताने काढलेल्या चित्राचे सहा हजार देऊ शकत नाही, आणि त्यात त्याचा कंजूषपणा नाही. त्याला आधी केलेल्या चार-पाच नमुन्यांतला एक निवडू द्यावा, नाव बदलून द्यावं आणि पाचशे घ्यावे.

गणेश मंडळाचे कार्यकर्ते "पैसे कसले मागतो बे, नाव होईल की तुझं" म्हणतात, तेव्हा काय करायचं? मंडळ आपलं असेल तर खुशाल फुकट करावं, पण बिल द्यावं. बिलावर पूर्ण रक्कम, खाली "मंडळासाठी सवलत" आणि शेवटी शून्य. कोषाध्यक्षाच्या फाईलमध्ये तो कागद लागतो आणि पुढच्या वर्षी त्याच्या भावाच्या दुकानाचं काम निघालं की कामाची किंमत त्याला माहीत असते.

उधारी

सोलापुरात धंदा उधारीवर चालतो. सूत उधार, रंगाई उधार, आणि डिझाईनवाला सगळ्यात शेवटी, कारण त्याचे पैसे थांबवले म्हणून लूम थांबत नाही. यावर पहिला उपाय जुनाच: निम्मे पैसे काम सुरू करताना आणि उरलेले अंतिम फाईल देण्याआधी. दाखवायला पाठवलेल्या नमुन्यावर आडवं नाव छापायचं आणि फाईल हलक्या दर्जाची द्यायची. यात ओशाळण्यासारखं काही नाही.

दुसरा उपाय फार थोड्यांना माहीत असतो. केंद्राच्या उद्यम पोर्टलवर आधारच्या आधारे मोफत नोंदणी होते, आणि डिझाईन, छायाचित्रण, शिवण अशी सेवा किंवा उत्पादन करणारा एकटा माणूसही सूक्ष्म उद्योग म्हणून नोंदवला जातो. तसं झालं की २००६चा एमएसएमई (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग) कायदा तुमच्या बाजूने उभा राहतो. लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात, करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं आणि सरकारकडे ऑनलाइन तक्रार करता येते. शिवाय २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून आयकरातही एक पेच आहे: सूक्ष्म आणि लघु उद्योगांचं बिल या मुदतीत दिलं नाही, तर प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत काम घेणाऱ्याला तो खर्च आपल्या उत्पन्नातून वजा करता येत नाही. त्यामुळे मार्चमध्ये कारखानदाराचा सीए स्वतःच विचारतो, यातली उद्यमवाली बिलं कुठली? नोंदणी मात्र काम घेण्याआधी झालेली हवी, आणि नोंदणी क्रमांक बिलावर छापलेला हवा. खरं सांगायचं तर तक्रारीपर्यंत जाणारं गिऱ्हाईक परत येत नाही. पण बिलावरचा तो क्रमांक न बोलता बरंच काम करतो.

जीएसटीची धास्ती मात्र बहुतेकांनी उगाच घेतलेली असते. महाराष्ट्रात सेवेची उलाढाल वर्षाला २० लाखांच्या आत आणि नुसत्या मालाची ४० लाखांच्या आत असेल तर साधारणपणे नोंदणी लागत नाही. परराज्यात माल विकायचा असेल किंवा मोठ्या ऑनलाइन दुकानांवर जायचं असेल तर नियम बदलतात, तेव्हा मात्र एकदा सल्लागाराला गाठावं. कुणी बिलातून टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापला जाणारा आयकर, कापला तर ते पैसे बुडाले असं समजून सोडू नका. उत्पन्न करपात्र नसलं तरी विवरणपत्र भरून ते परत मागता येतात.

एक वही तेवढी ठेवा, फोनमध्ये चालेल. कोण आलं, कुठल्या महिन्यात, काय हवं होतं, दर काय सांगितला, काम झालं की नाही. न झालेल्याचं कारण शक्यतो त्याच्याच शब्दांत लिहा. वर्षभराने ती वही उघडली की अंदाज बाजूला पडतात. बहुतेक जण "महाग" म्हणाले असतील तर आकार, नमुने किंवा गिऱ्हाईक बदलायचं. पण बहुतेकांनी "आता उशीर झाला ओ, माल लागला" असं सांगितलं असेल, तर दराला हात लावायची गरज नाही. गणवेशाची फाईल दिवाळी उरकली की लगेच बाहेर काढायची, आणि चादरीचे नमुने थंडीची वाट न बघता पावसाळ्याआधीच एमआयडीसीत पोचवायचे.